खळीची चव

पेंगूकाकांना दमायची इतकी सवय झाली होती की दमलेलं नसणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी डोळे उघडले की अंग कुणीतरी बदडून काढल्यासारखं वाटायचं. सगळ्यांनाच तसं होत असणार, लोक बोलून दाखवत नाहीत एवढंच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दुपारी प्रेसचा दांडा धरून ते उभ्या उभ्या डुलकी घेत. त्यावरून कटिंगवाल्याने त्यांना कधीतरी पेंगूकाका म्हटलं आणि तेच नाव पडलं. तिशीत पडलेलं नाव पन्नाशी उलटली तरी चिकटून होतं. फोनवर "मी पेंगू बोलतोय" म्हणण्यात खुद्द काकांनाही काही वावगं वाटत नसे.

कारखाना म्हणायचं ते आपलं मोठेपणा म्हणून. एका छापखान्याच्या पिछाडीला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कागद कापायचं मशीन आणि शिलाईची लांब टेबलं. मागच्या खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी प्रेस, पुठ्ठ्यांची चळत, एक मोरी आणि एक शेगडी. वाचनालयांची खिळखिळी झालेली पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे जाडजूड खंड, सगळं इथे येई आणि अंगावर नवं कापड चढवून परत जाई. मालक पुढे बसत. मागची खोली काकांची.

शेगडी होती ती खळीसाठी. मैदा पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, आणि मंद आचेवर घोटत बसायचं. पुस्तकाची पाठ, पुठ्ठा, कापड, आतला अस्तराचा कागद, सगळं त्या खळीवर धरून राहतं. बाकीचे बाइंडर खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद टाकतात. काकांच्या वडिलांनी ते कधी टाकलं नाही. तेही याच खोलीत याच शेगडीशी बसले होते. ते म्हणत, "विष घातलं की चव कशी बघणार?" कारण खळीची खरी परीक्षा जिभेवर. कच्ची असली तर पिठूळ लागते. पुरी शिजली की काहीच लागत नाही. बिघडायला लागली की जिभेच्या कडेला किंचित आंबट. सरस, शाई आणि स्पिरिटच्या वासात नाकाचा उपयोग शून्य. म्हणून वडिलांनी काकांचं बोट धरून खळीत बुडवलं होतं आणि तोंडात घातलं होतं, तेव्हा काका शेगडीएवढे होते.

तेव्हापासून काका खळ चाखत आले. शिजताना एकदा, उतरवल्यावर एकदा, निवल्यावर एकदा, आणि मग दिवसभर, कापडाला लावण्याआधी, पुठ्ठ्याला लावण्याआधी, सहज, उगीच. दोन्ही हात कामात असले की ब्रश दातांत. पान उलटायचं तर बोट ओलं करायचं तेही तोंडानेच. यातलं काहीही आपण करतो, हे काकांना विचारलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं असतं.

वडीलही असेच दमलेले असत. पिवळट, हाडकुळे, जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसणारे. घरात त्यांना कुणी आजारी म्हटलं नाही, आळशी म्हटलं. पोट कायम बिघडलेलं. सुकत सुकत एक दिवस ते गेले, आणि डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहून दिलं ते कुणी वाचलंही नाही. काका त्या वेळी कामाला लागले होते. आळशी हे विशेषण रिकामं झालं होतं, ते त्यांच्याकडे आलं.

आजार निघाला तो असा. एके दुपारी काका प्रेसशी खाली बसले आणि कलंडले. कटिंगवाला पुढच्या खोलीतून म्हणाला, "काका, आज आडवेच? उशी आणू का?" पुढची दोन माणसं हसली. हसून झाल्यावरही काका उठेनात, तेव्हा कुठे धावपळ झाली. कटिंगवाल्याने त्यांना पाठुंगळीला घेऊन रिक्षात घातलं, आणि दवाखान्यात बिचारा भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

अंगात रक्त किती कमी होतं ते पाहून डॉक्टरबाईंनी काकांकडे पुन्हा पाहिलं. "तुम्ही चालत होतात?" त्यांनी विचारलं.

"कामावरही जात होतो," काका ओशाळून म्हणाले.

मग तपासण्या झाल्या, नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून झाला, आणि नाव मिळालं. सिलिअ‍ॅक. काका आणि काकू टेबलाच्या अलीकडे बसले होते. डॉक्टरबाई तरुण होत्या, दिवसभराच्या रोग्यांनी शिणलेल्या होत्या, तरी त्यांनी नीट समजावून सांगितलं.

"गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते कुणालाच पुरतं पचत नाही. चिवट तुकडे उरतात. बाकीच्यांच्या पोटातून ते मुकाट निघून जातात. तुमच्या आतड्याच्या भिंतीत ते शिरले की तिथलं एक एन्झाइम त्यांच्यात बारीकसा फेरफार करतं. आता, आपल्या काही पेशींच्या अंगावर पकडी असतात. काय सापडलं ते त्या पकडीत धरून पहारेकरी पेशींना दाखवायचं, हे त्यांचं काम. पकड कशा घडणीची, ते आईबापांकडून आलेल्या जनुकावर ठरतं. तुमची पकड अशी आहे की तो बदललेला तुकडा तिच्यात घट्ट बसतो."

"प्रेसमध्ये पुस्तक बसावं तसा," काका म्हणाले.

"असेल. मग पहारेकऱ्यांना वाटतं, शत्रू आला. ते बोंब ठोकतात. आणि त्या गोंधळात शरीर गव्हावर तर चिडतंच, पण स्वतःच्या त्या एन्झाइमवरही चिडतं. त्याच्याविरुद्ध रक्तात जे तयार होतं तेच आम्ही मोजतो. मार बसतो तो आतड्याला. आत बारीक लव असते, अन्न शोषून घेणारी. ती झिजून सपाट झाली आहे. तुम्ही जेवत होता, अंगाला लागत नव्हतं."

"म्हणजे हे आळशी नव्हते?" काकूंनी विचारलं.

"उपाशी होते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकूंनी पदर तोंडाला लावला. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा शब्द किती वेळा वापरला होता, ते त्यांचं त्यांना माहीत.

औषध एकच: गहू आणि त्याचे भाऊबंद, बार्ली आणि राय, जन्मभर बंद. चिमूटभरही नाही. डॉक्टरबाईंनी पुढे विचारलं, घरात आणखी कोण. काकांनी वडिलांचं सांगितलं. मग मुलीचं सांगितलं.

मुलगी अठ्ठावीस वर्षांची. लग्न झालं, पोटातलं दोनदा गेलं, सासरी बोलणी खावी लागली, नवऱ्याने हात झटकले आणि ती परत आली. बस डेपोच्या तिकीटखिडकीत कामाला होती. लहानपणापासून किडकिडीत, तोंड सतत आलेलं, सुट्टीच्या दिवशी दुपार उलटली तरी अंथरुणात. काका कामावरून येऊन दारातूनच म्हणत, "उठ गं आळशे!" स्वतःला कुणी आळशी म्हटलं की त्यांना राग येई, पण लेकीला ते स्वतः तसंच म्हणत.

"तिला घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही पकड शंभरातल्या तीसचाळीस जणांत असते आणि त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. का, ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. पण सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला निघतो. आणि दोनदा गर्भ जाण्यामागे हे असू शकतं. असेलच असं नाही. असू शकतं." त्या आणखीही काही सांगत होत्या, तपासणीआधी काय करायचं, काय नाही, पण तोवर काकांचं डोकं भरलं होतं. त्यांच्या कानात फक्त दोनदा गर्भ जाणं घुमत होतं.

त्या दिवसापासून काकांना एकच गोष्ट हवी होती: पोरीने रक्त द्यावं. स्वतःचं बरंवाईट त्यांना फारसं लागत नव्हतं. आयुष्य दमण्यात गेलं होतं, उरलेलंही गेलं असतं. पण तिचं सगळं अजून पुढे होतं.

पोरीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाबा, माझ्या दंडात आता सुई टोचायला जागा नाही. तिकडे असताना सगळं तपासून झालं. दर वेळी कागद आला, काही सापडलं नाही. म्हणजे दोष माझाच. पुन्हा तेच ऐकायला मी जाणार नाही."

"पण हे वेगळं आहे गं."

"मग तुम्ही आधी बरे होऊन दाखवा. तुमच्या अंगाला गुण आला, तर बघू."

बोलणं रास्त होतं. काकांनी ते मनावर घेतलं.

काकूंनी तर कंबरच कसली. पाव, बिस्किटं, शेवया, कणकेचा आणि मैद्याचा डबा, सगळं एका दिवसात घराबाहेर गेलं. लाटणं, चाळणी, तवा बदलला. घरात तांदूळ, मका, बटाटे आणि अंडी यांचं राज्य आलं. बाटलीतल्या सॉसवरचं बारीक अक्षरही त्या भिंगातून वाचत. एका घरात दोन स्वयंपाक कशाला, म्हणून सगळेच तेच जेवू लागले. पोरीच्या डब्यातही तेच जाई. बाहेरचं ती मुळात खातच नसे, पोट बिघडतं म्हणून. काका मुकाट जेवत. पावाची आठवण त्यांना इतकी येई की बेकरीवरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडे होत.

आणि वर्ष गेलं तरी काही फरक पडला नाही.

नाही म्हणायला पोरगी जरा माणसात आली. गालावर रंग चढला, सकाळी स्वतःहून उठू लागली. पण त्याचं श्रेय सगळ्यांनी डेपोतल्या बदललेल्या पाळीला दिलं. सगळ्यांचं लक्ष काकांच्या रक्तावर होतं, आणि काकांचं रक्त जागचं हलत नव्हतं. जे मोजायचं ते अजून भरमसाट वर होतं. काका पेंगतच होते.

"कुठून तरी गहू पोटात जातोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज कोरडा होता. "बाहेर खाता?"

"पाणीसुद्धा घरचं नेतो."

"पीठ उडतं अशा ठिकाणी कामाला आहात का? गिरणी, बेकरी?"

"नाही हो. पुस्तकं बांधतो."

यात काका खोटं बोलले असं कुणी म्हणू नये. मैदा पाण्यात पडून शेगडीवर चढला की त्यांच्या लेखी तो मैदा उरत नसे. ती खळ होई. सुई, दोरा, कात्री तशी खळ. तिला कुणी अन्न म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

"मग दोनच गोष्टी आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक तर तुम्ही लपून खाताय. नाहीतर हा आजाराचा दुसरा, वाईट प्रकार आहे. त्यात गहू सोडूनही आतडं भरून येत नाही. मग कडक औषधं द्यावी लागतात, आणि पुढे काय काय होऊ शकतं ते आत्ता नको बोलायला. पुढच्या खेपेला पुन्हा नळी घालून बघू."

घरी आल्यावर काकूंनी काकांचा सदरा झटकला, पिशवी उलटी केली, खिशांची अस्तरं बाहेर काढली. निघाला फक्त दोऱ्याचा गुंडा आणि वाळलेल्या खळीच्या चार खपल्या. खपल्या त्यांनी चिमटीने उचलून केरात टाकल्या.

"काय शोधतेस?" काकांनी विचारलं.

"माझं नशीब," काकू म्हणाल्या आणि मग त्यांचा बांध फुटला. "अहो, मी इथे भिंगातून अक्षरं वाचून डोळे फोडून घेतेय! एक पाव सुटत नाही तुम्हाला? लेकीसाठीसुद्धा नाही?"

काकांना बोलायचं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "नाही गं खात मी." हे इतक्या मेलेल्या आवाजात आलं की त्यांचं त्यांनाच खरं वाटेना. खरंच आपण झोपेत उठून खात नाही ना, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. ती रागावली नाही, तेच काकांना जास्त लागलं. "जाऊ दे आई," ती म्हणाली. "बाबा खात असतील तर त्यांचं त्यांना ठाऊक. खात नसतील तर गहू सोडून उपयोग नाही, हे सिद्धच झालं. काहीही असलं तरी माझं रक्त कशाला?"

काका त्या दिवशी जेवले नाहीत. भातावर संशय कोण घेणार होतं? पण ताट त्यांनी झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते न जेवताच कामावर गेले, डबाही विसरून. पोरीची सुट्टी होती. काकूंनी डबा तिच्या हातात दिला, ती कुरकुरत निघाली. कारखान्यात ती लहानपणी रोज येई, कातरणांच्या ढिगात खेळे. मोठी झाल्यावर येणं सुटलं होतं.

मागच्या खोलीत काका वकिलाचा एक खंड घेऊन बसले होते. पाठीवर कापड चढवायचं होतं. त्यांनी भांड्यात बोट बुडवलं, तोंडात घातलं, जिभेने टाळ्याला लावून पाहिलं, आणि खळ ठीक आहे म्हणून ब्रश भरला. कापडावर ब्रश फिरवला, मग ब्रश दातांत धरून दोन्ही हातांनी कापड ताणून बसवलं. कडेला खळ बाहेर आली, ती अंगठ्याने निपटली आणि अंगठा चाटला. सगळं एका लयीत, पेंगत पेंगत.

"बाबा," पोरगी दारातून म्हणाली. "काय खाल्लंत?"

काकांनी ब्रश तोंडातून काढला. "कुठे काय खाल्लं? तू कधी आलीस?"

"आत्ता. बोट घातलंत तोंडात."

"मी? छे."

"अंगठाही चाटलात. बाबा, ते कशाचं आहे?"

"खळ आहे गं. तुला माहीत नाही का? लहानपणी कागदाची..."

"कशाची करतात ती?"

काकांनी तोंड उघडलं आणि उत्तर तोंडातच राहिलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे, मग शेगडीखालच्या मैद्याच्या पोत्याकडे. त्या पोत्याला टेकून ते रोज दुपारी पेंगत. पोतं तिथेच होतं, वर्षभर, त्याच्या आधीची सगळी वर्षं, आणि ते भरलं आहे की नाही यापलीकडे काकांनी त्याचा कधी विचार केला नव्हता.

"अगं आई गं," काका म्हणाले.

पोरगी खाली बसली. डबा मांडीवर धरून ती हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. पुढच्या खोलीतून कटिंगवाला आला. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे काका, घरी उपास आणि इथे जेवण?" तो म्हणाला. मग ते पोतं उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेला.

डॉक्टरबाईंनी हे ऐकलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं. "पीठ उडतं का, ते मी विचारलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "शिजतं का, ते नाही." नळी घालण्याची तारीख त्यांनी पुढे ढकलली.

पण सवय मोडणं हे काय बोलण्याइतकं सोपं आहे? काकांनी मैदा सोडून मक्याच्या पिठाची खळ करायला घेतली. ती बाई वेगळ्याच चालीची. लवकर घट्ट होई, निवली की थरथरे, कापडावर पसरताना ओघळे. तीही बिघडली का ते कळायचं म्हणजे चाखायला हवी, आणि ती चाखली तर चालणार होती, पण जिभेला तिची ओळख नव्हती. पहिल्या पाच-सहा पुस्तकांची पाठ उचकटली. मालकांनी ती उचकटलेली पुस्तकं उचलून काकांच्या टेबलावर ठेवली आणि काहीही न बोलता गेले. शिवी दिली असती तर परवडलं असतं, असं काकांना वाटलं. वडिलांची शिकवण होती ती हातात आणि जिभेवर. मैदा सोडताना वडिलांनाच खोलीबाहेर काढल्यासारखं त्यांना झालं. आणि मग एकदा घोटता घोटता त्यांच्या मनात आलं की वडील याच शेगडीशी बसून हेच बोट चाटत सुकले. ज्या रक्तातून ती पकड आली, त्याच रक्ताच्या हाताने बोट खळीत बुडवायला शिकवलं होतं. आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नव्हता. काका ढवळायचे थांबले, आणि त्या दिवशीची खळ करपली.

महिने गेले. रक्त मोजलं तेव्हा आकडा उतरला होता. पुढच्या खेपेला आणखी उतरला. एके दुपारी कटिंगवाला मागच्या खोलीत डोकावला, तर काका जागे होते. तो पुढे जाऊन सांगू लागला, "पेंगूकाका जागे आहेत. आता काय नाव ठेवायचं?" नाव अर्थात बदललं नाही. पण काकांना सकाळी उठल्यावर कुणी बदडल्यासारखं वाटेनासं झालं. पहिल्या दिवशी तर ते घाबरलेच, काहीतरी चुकतंय म्हणून.

पोरीने दिलेला शब्द पाळला. ती स्वतःहून म्हणाली, "चला, देते रक्त."

आणि तिथे पुन्हा घोडं अडलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गहू खाताय ना?"

काकू अभिमानाने म्हणाल्या, "घरात कणसुद्धा नाही. वर्ष उलटून गेलं."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "मी सांगितलं होतं, हिची तपासणी होईपर्यंत हिचं काही बदलू नका. पोटात गहूच नसेल तर शरीर कशावर चिडणार? रक्त साफ दिसेल आणि आपल्याला वाटेल काही नाही. जनुकाची तपासणी करता येते, ती नकारार्थी आली तर विषय मिटेल. पण पकड असली, तर ती रस्त्यावरच्या दर तिसऱ्या माणसातही असेल. त्याने आजार ठरत नाही."

जनुकाची तपासणी झाली. पकड होती. बापाची होती तीच.

"मग आता?" पोरीने विचारलं.

"रोज दोन पाव. सहा ते आठ आठवडे. मग रक्त. फारच त्रास झाला तर आधी या."

म्हणून पेंगूकाका बेकरीत गेले. एवढा काळ रस्ता ओलांडून चुकवलेल्या बेकरीत. त्यांनी कागदात गुंडाळलेले पाव घेतले आणि हात लांब धरून घरी आणले. काकूंनी पोरीसाठी वेगळं ताट, वेगळा कप आणि टेबलाचा वेगळा कोपरा काढला. पाव आणायचं काम काकांनी कुणालाही दिलं नाही. ज्याने बापाला खाल्लं, आपल्याला कुरतडलं, ते रोज स्वतःच्या हाताने लेकीपुढे ठेवायचं, आणि ती खाते का ते बघत बसायचं. पहिल्या दिवशी तिने घास घेतला आणि काकांनी मान फिरवली.

पहिला आठवडा बरा गेला. तेवढ्यात काकांना आशा वाटू लागली की पोरीला काहीच नसेल. दुसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आलं. मग पोट फुगू लागलं. मग सकाळी उठणं गेलं. डेपोतून ती येई ती भिंतीला धरत. गालावरचा रंग उतरला तेव्हा कुठे काकूंच्या ध्यानात आलं की मधल्या वर्षात तो चढला होता, आणि पाळी बदलल्यामुळे नव्हे.

"पुरे झालं," काका म्हणाले. "सोड. ठरलं समज. आपल्याला कळलं ना!"

"तुम्हाला कळलं," पोरगी म्हणाली. "कागदावर यायला पाहिजे बाबा. माझे सगळे कागद 'काही सापडलं नाही' म्हणतात. मला एक असा पाहिजे, ज्यात सापडलंय."

काका दुसऱ्या दिवशीही बेकरीत गेले.

शेवटच्या आठवड्यात एके संध्याकाळी ते कामावरून आले. दारातून पाहिलं तर पोरगी टेबलाच्या आपल्या कोपऱ्याशी, दंडावर डोकं टेकून पडली होती. पुढे ताटात दुसरा पाव अर्धा उरलेला. काकू आत काहीतरी करत होत्या. याच दारातून काकांनी वर्षानुवर्षं एकच वाक्य म्हटलं होतं. ते वाक्य आताही, सवयीने, जिभेपर्यंत आलं. काका दारातच उभे राहिले. मग चपला काढून ते तिच्याशेजारी जाऊन बसले.

तिने डोकं न उचलता विचारलं, "बाबा, मी आळशी नव्हते ना?"

"नाही गं," काका म्हणाले. "नव्हतीस. कधीच नव्हतीस. मीच आंधळा. मलाही तेच वाटायचं तुझ्यासारखं, आणि मी म्हटलं सगळ्यांनाच वाटत असेल."

"आणि आजोबा?"

"तेही नव्हते."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुर्त्याआडून तिचे मणके हाताला लागत होते. मग पोरगी उठून बसली, उरलेला पाव उचलला आणि खाऊ लागली. या वेळी काकांनी मान फिरवली नाही.